दर महिन्याला भरूनही क्रेडिट कार्डाचं कर्ज फिटत नाही? या चुका टाळा

"दर महिन्याला भरतोय, तरी आकडा हलत नाही." नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जेवणाच्या सुट्टीत ही तक्रार हमखास ऐकू येते. खर्च जास्त झाला, असं सगळे म्हणतात. तो झालेला असतोच. पण कर्ज वर्षानुवर्षं मानगुटीवर बसतं ते बहुतेक वेळा भरण्याच्या पद्धतीमुळे.

किमान रक्कम भरून निर्धास्त होणं

स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय. किमान रक्कम साधारण बाकीच्या ५ टक्के असते. समजा, ६०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये. तुम्ही किमान रकमेचे ३,००० भरले, तर मुद्दलातून कमी झाले फक्त ५२२. किमान रक्कम भरल्याने लेट फी वाचते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, थकबाकी चढत नाही. बाकी काही नाही.

"माझं तर ऑटो-पे आहे" म्हणणाऱ्यांनी आजच अ‍ॅप उघडून बघा. तिथे 'किमान देय' निवडलेलं असेल, तर बँक तुमच्याच परवानगीने तुम्हाला कर्जात ठेवते आहे.

"थोडेच तर राहिलेत"

ही चूक हिशेबात पक्क्या माणसांकडूनही होते. ५ ऑक्टोबरला कॉलेज रोडवरून ४०,००० चा टीव्ही घेतला. बिल आलं २० तारखेला, शेवटची तारीख १० नोव्हेंबर. त्या दिवशी ३८,००० भरले, दोन हजार पुढच्या महिन्यावर ढकलले. आता व्याज फक्त दोन हजारांवर लागेल असं वाटतं ना? ते लागतं पूर्ण ४०,००० वर, आणि तेही खरेदीच्या तारखेपासून. ३६ दिवसांचे साधारण १,६५० रुपये, वर जीएसटी. म्हणजे दोन हजार अडले म्हणून जवळपास तितकेच आणखी गेले. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध-किराणाही स्वाइप केल्या दिवसापासून व्याजावर.

म्हणून बाकी असेल तोवर ते कार्ड वापरणं पूर्ण बंद. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही काढा, नाहीतर मेन रोडवर चहा पिऊन स्कॅन कराल आणि पैसे कुठून गेले ते कळणारही नाही.

पगार ७ तारखेला, बिल ३ तारखेला

यात तुमची चूक एवढीच, की तारीख बदलून मागितली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलिंग सायकल, म्हणजे बिल निघण्याचं मासिक चक्र, निदान एकदा बदलून घ्यायचा पर्याय ग्राहकाला मिळतो. कस्टमर केअरला सांगून पगारानंतर आठवडाभराने शेवटची तारीख येईल असं बघा. तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, हेही माहीत असू द्या. पण त्यावर विसंबू नका. तीन दिवसांच्या आत भरलं नाही, तर लेट फीचे दिवस मूळ तारखेपासूनच मोजतात.

भिशी चालू, एफडी शाबूत आणि कार्ड थकलेलं

याबाबतीत आपण भावनिक होतो. पोरीच्या नावाची एफडी मोडायची नाही, भिशीचे पाच हजार चुकवायचे नाहीत, आणि कार्डाला मात्र किमान रक्कम. एफडीवर सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर वर्षाला बेचाळीस टक्के द्यायचे, हा कुठला व्यवहार? तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके हाताशी ठेवा, बाकीची एफडी मोडा. चालू भिशी मध्येच सोडता येत नाही हे मान्य, पण नवी तरी लावू नका.

याची टोपी त्याच्या डोक्यावर

एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्यावरून एटीएममधून रोख काढणं सगळ्यात वाईट. रोख काढल्यावर शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. त्यापेक्षा कंपनीच्या कामगार पतपेढीचं कर्ज किंवा बँकेचं सोनेतारण कितीतरी स्वस्त पडतं. मात्र कर्ज काढून कार्ड शून्यावर आणलं की त्याच दिवशी मर्यादा कमी करायला सांगा. नाहीतर दिवाळीपर्यंत कार्ड पुन्हा भरतं आणि डोक्यावर दोन कर्जं होतात.

दोन-तीन कार्डं थकली असतील, तर सगळ्यांवर किमान रक्कम चालू ठेवून उरलेला प्रत्येक रुपया जास्त व्याजाच्या कार्डावर टाका.

द्राक्षबागेचा खर्च कार्डावर

निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर औषधांची बिलं थांबत नाहीत, आणि माल निघून पैसा हातात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर ४५-५० दिवसांची. हे गणित बसूच शकत नाही. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे: ३ लाखांपर्यंत पीककर्जाला ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४ टक्के. नाव सारखं असलं तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वसुलीच्या फोनला घाबरून सेटलमेंट

सेटलमेंट म्हणजे बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवणं. त्यात रक्कम कमी होते, पण सिबिल अहवालात खातं 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे गृहकर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं. हप्ते पाडून पूर्ण फेडणं शक्य असेल, तर तोच मार्ग धरा. सेटलमेंट करायचीच झाली, तर बँकेचं लेखी पत्र हातात येण्याआधी एक रुपया देऊ नका, आणि एजंटच्या खासगी नंबरवर तर कधीच नाही. एजंटला सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. करत असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते.

बाकी शून्य झाल्यावर कार्ड नकोच असेल, तर बंद करायचा अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिनेच तुम्हाला द्यायचे असतात. साठलेले पॉइंट मात्र अर्ज देण्याआधी वापरून टाका.