मोबाइलवरचा जिमचा सल्ला पारखायचा कसा?

नाशिकमध्ये गंगापूर रोड असो की सिडको, संध्याकाळी सातला कुठल्याही जिममध्ये डोकवा. दोन सेटच्या मधे (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या व्यायामाची एक फेरी) निम्मी पोरं मोबाइलमध्ये मान घालून असतात आणि त्यातली बरीचशी पुढचा व्यायाम कोणता करायचा हेच रीलमध्ये बघत असतात. त्यात वाईट काही नाही. जी माहिती पूर्वी तालमीतल्या वस्तादाकडून मिळवावी लागायची, ती आता फुकट हातात येते. फरक एवढाच, की वस्तादाला समोरचा पोरगा दिसायचा, रीलवाल्याला तुम्ही दिसत नाही. त्यामुळे सल्ला आपल्याला लागू आहे का, हे बघायचं काम आपल्याच गळ्यात पडतं.

आधी सल्ला वहीत उतरवा

व्हिडिओ बंद करा आणि त्यात काय सांगितलं ते एका वाक्यात, आकड्यांसकट लिहा. समजा वाक्य असं झालं: ‘आठवड्यात सहा दिवस, छातीचे एका दिवसात ३० सेट, ४५ दिवसांत दंड दोन इंच.’ हे तपासता येतं. ‘मसलला शॉक द्या’, ‘हार्मोन जागे करा’ असलं काही लिहायला घेतलं की पेन अडतं, कारण त्यात मोजण्यासारखं काहीच नसतं. असा सल्ला इथेच सोडून द्या, पुढच्या पायऱ्यांवर त्याच्यासाठी वेळ घालवू नका.

हे शेड्यूल नेमकं कोणासाठी?

वरचंच वाक्य घ्या. एक सेट आणि त्यानंतरची विश्रांती मिळून तीन मिनिटं धरली, तर ३० सेटला दीड तास होतो, तोही नुसत्या छातीला. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आठ तास उभं राहून आलेल्या माणसाचे शेवटचे पंधरा सेट कसे होतील, ते सांगायला नको. एका स्नायूला आठवड्याला साधारण १० ते २० सेट, असा अंदाज आज बहुतेक जाणकार मान्य करतात. नवख्याची वाढ त्याहून कमीतही होते.

दुसरी गोष्ट म्हणजे गाजलेल्या नावांची शेड्यूल. अर्नोल्ड श्वार्झनेगर १९७० ते १९८० या काळात सात वेळा मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकला. त्याच्या नावाची सहा दिवसांची शेड्यूल अजून फिरतात, पण आपण तेव्हा स्टेरॉइड (स्नायू वाढवणारी औषधं) घेत होतो हे त्याने स्वतःच उघडपणे सांगितलंय, ते मात्र त्या शेड्यूलखाली कोणी लिहीत नाही. औषधांवर असलेलं शरीर जेवढ्या व्यायामातून सावरतं, तेवढ्यातून तुमचं सावरेलच असं नाही.

डोले हा पुरावा नाही

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. ‘त्याची बॉडी बघ ना, उगाच सांगेल का?’ पण बॉडीमागे आनुवंशिकता असते, दहा-पंधरा वर्षांचा व्यायाम असतो, कधी औषधं असतात, आणि त्या रीलमधला व्यायाम त्याने कदाचित रीलपुरताच केलेला असतो. अमेरिकेतला रीलवाला ‘लिव्हर किंग’ आठवा. कच्चं काळीज खा, आदिमानवासारखं जगा, असं सांगत त्याने सप्लिमेंटचा मोठा धंदा उभा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्टेरॉइड घेत असल्याचं कबूल केलं. तोवर लाखो लोक त्याचं ऐकत होते.

‘आधी-नंतर’च्या फोटोंचंही तसंच. खात्री करायची तर एक प्रयोग करा. व्यायामाआधी ट्यूबलाइटच्या समोर, पोट सैल सोडून एक फोटो काढा. मग अर्धा-पाऊण तास छाती-खांद्याचा व्यायाम करा, घाम पुसू नका, डोक्यावर दिवा येईल असे उभे राहा, श्वास बाहेर टाकून पोट आवळा आणि दुसरा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की एकाच संध्याकाळी तुमचं ‘तीन महिन्यांचं ट्रान्सफॉर्मेशन’ तयार! दंड दोन इंच वाढायला बहुतेकांना वर्षं लागतात, ४५ दिवस नव्हे.

आकडा आला की गणित करा

प्रोटीनचंच बघू. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन’मध्ये ४९ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना दिवसाला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून सरासरी फारसा फायदा दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष. (सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे.) १.६ च्या हिशोबाने ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. रीलवाला मात्र ‘पौंडामागे एक ग्रॅम’ म्हणतो. ७० किलो म्हणजे १५४ पौंड, म्हणून १५४ ग्रॅम. मधले ४२ ग्रॅम म्हणजे प्रोटीन पावडरचे रोजचे जवळजवळ दोन स्कूप (डब्यातले मापाचे चमचे), आणि डब्याची लिंक खालीच दिलेली असते.

उलट बाजूचे दावेही तपासा. ‘मिसळ खा, मटकीत भरपूर प्रोटीन’ हे नाशिककराला ऐकायला फार गोड लागतं. कोरड्या मटकीत १०० ग्रॅमला २३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, हे खरं. पण एका प्लेटीत कोरडी धरली तर मटकी पडते किती? ३० ग्रॅम म्हटलं तरी प्रोटीन सातच ग्रॅम, बाकी तर्री, शेव आणि पाव. मिसळ खा, पण मिसळ म्हणून खा. भर घालायची तर ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २५ ग्रॅम मिळतात, चार अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६.

‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हटलं तर

कुठलं संशोधन, ते विचारा. नाव मिळालं तर पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाइटवर सारांश फुकट वाचता येतो. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर, किती आठवडे, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. माणसं नवखी होती का, हेही बघा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्था सरावल्यामुळे, त्यामुळे नवख्यांवर जवळजवळ काहीही ‘चालतं’. आणि मोजलं काय? व्यायाम करताना स्नायूतले विद्युत संकेत जास्त दिसले म्हणजे तो स्नायू जास्त वाढेलच असं नाही. एकट्या अभ्यासापेक्षा अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण बरं.

विकतोय काय?

डिस्काउंट कोड दिसला की सल्ला खोटाच, असं नाही, पण ते वाक्य दोनदा वाचा. डबा घ्यायचाच असेल तर त्यावरचा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर टाकून बघा. परवाना असणं म्हणजे आतल्या प्रोटीनची हमी नव्हे, पण तोही नसेल तर विषयच संपला. मास गेनरच्या (वजन वाढवायच्या पावडरच्या) लेबलवर प्रोटीनपेक्षा कार्बोहायड्रेट किती पट आहे ते वाचा. ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पावडर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, एवढ्याला चांगला आधार आहे. आहारात पुरेसं प्रोटीन असेल तर वेगळ्या बीसीएएवर (प्रोटीनमधल्याच तीन अमिनो आम्लांची पावडर) पैसे घालू नका.

गोळी किंवा इंजेक्शनची गोष्ट निघाली, तर तपासत बसू नका, थेट नाही म्हणा. मेफेंटरमाइन हे भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. ते ‘एनर्जी’साठी टोचून घेणारी पोरं महाराष्ट्रातल्या जिममध्ये सापडली आहेत. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि त्याचा फटका वीर्यालाही बसतो. ‘छोटा कोर्स आहे, काही होत नाही’ असं सांगणारा रीलवाला असो की तुमचा ट्रेनर, उत्तर तेच.

उरलेलं आठ आठवडे करून बघा

एवढ्यातून जो सल्ला टिकेल तो वापरा, पण एका वेळी एकच बदल करा. शेड्यूल, डाएट आणि सप्लिमेंट एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. वहीत उचललेलं वजन, सेट, रेप्स (एका सेटमध्ये किती वेळा उचललं) आणि झोपेचे तास रोज लिहा. दंड-छातीचं माप दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी व्यायामाआधी घ्या, पंप चढल्यावर (व्यायामाने स्नायू फुगल्यावर) नाही. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम थांबवा, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर रील नाही, डॉक्टर. आठ आठवड्यांनी उचललेलं वजन किंवा रेप्स वाढले नसतील, तर नवीन शेड्यूल शोधण्याआधी वहीत झोपेचे तास बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात सेट तसेच ठेवले असतील, तर पुढच्या वेळी त्या आठवड्यापुरते निम्मे करा.