त्रिमितीय दृश्ये पाहताना डोळ्यांची काळजी कशी घ्यावी
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आभासी दृश्यांचा चष्मा मुलांच्या हाती देण्यापूर्वी डोळ्यांचे काम समजून घ्यावे. धुऱ्यावरचा पळस पाहताना दोन्ही डोळे ज्या अंतरावर वळतात, त्याच अंतरावर डोळ्यांतील भिंगही जुळते. या चष्म्यात मात्र चित्र जवळ भासो वा दूर, भिंगाला एकाच ठरावीक अंतरावर जुळून राहावे लागते आणि या ओढाताणीतून डोकेदुखी, धूसरपणा किंवा मळमळ उद्भवते. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४७ मध्ये शोधलेल्या खऱ्या होलोग्राममध्ये, म्हणजे प्रकाशाने नोंदवलेल्या त्रिमितीय चित्रात, वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशलहरीच पुन्हा उभ्या राहत असल्याने हा विसंवाद नसतो. (दुकानांतून ‘होलोग्राम’ म्हणून फिरणाऱ्या दिव्यांच्या पंख्यावरचे चित्र तर सपाटच असते.)

चष्म्याच्या भिंगांमधील अंतर आपल्या बुबुळांमधील अंतराशी जुळवून घ्यावे आणि दर २० मिनिटांनी थांबून दूरवर पाहावे. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात. विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत, त्यातही कूलरच्या झोतासमोर, डोळे लवकर चुरचुरतात, म्हणून पापण्यांची उघडझाप मुद्दाम करावी. ज्या मुलाला चित्रातील खोली (वस्तूंचा जवळ-दूरपणा) जाणवतच नाही किंवा प्रत्येक वस्तू दोनदा दिसते, त्याला तिरळेपणा किंवा एका डोळ्याची मंददृष्टी असू शकते. त्याची नेत्रतपासणी करून घ्यावी.