लाओत्से: नाव कोणतं, पदवी कोणती?

ताओ ही प्राचीन चिनी विचारपरंपरा वाचायला घेतली की पहिली ठेच तिच्या आद्य लेखकाच्या, लाओत्सेच्या, नावालाच लागते. ‘लाओ’ म्हणजे वृद्ध. ‘त्से’ हा गुरू या अर्थाचा आदरार्थी प्रत्यय. म्हणजे ही अख्खी पदवीच, आडनाव त्यात नाही. संदर्भसूचीत ‘त्से, लाओ’ असं उलटून लिहू नका. ‘बुवा, तुकाराम’ आपण लिहितो का? याच परंपरेतला दुसरा मोठा लेखक च्वांगत्से, त्याचं मात्र वेगळं: तिथे ‘च्वांग’ हे खरंच आडनाव आहे.

लाओत्सेचं नाव प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्येनच्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथात, ६३व्या प्रकरणात येतं: आडनाव ली, नाव अर (कान), शिवाय तान (लांब कानांचा). त्याच प्रकरणात तान नावाचा दुसरा एक राजइतिहासकारही आहे. उच्चार तोच, चिन्ह निराळं. देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांच्या हातून हे दोघे हमखास एक होतात, म्हणून वहीत शेजारी चिनी चिन्ह उतरवाच.

उच्चाराबाबत मराठी माणूस नशीबवान. ‘चाक’मधला दंततालव्य च म्हणजे जवळजवळ ‘त्से’च्या सुरुवातीचा मूळ चिनी ध्वनी. अडचण स्वराची. तिथे ‘ई’ लावलात की तो ‘चिमणी’तला च होतो आणि उच्चार बिघडतो. जीभ दातांमागेच ठेवून आखूड, घुमता स्वर काढा. चिनीत सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, बदलला की अर्थ बदलतो; ‘लाओ’ आणि ‘त्से’ या दोन्ही अक्षरांना तिसऱ्या क्रमांकाचा सूर आहे. असे दोन सूर लागोपाठ आले की त्यातलं पहिलं अक्षर दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे चढत्या, सुरात म्हणायचं. शेवटचं अक्षर सूर न देता सैल सोडलंत तर अर्थ ‘बाप’ होतो, किंवा ‘मी म्हणजे कोण!’ असा उर्मट ‘मी’. वर्गात ही चूक फार होते.

ग्रंथालयात शोधताना रोमन लिपीतली किमान तीन रूपं टाका: आजच्या पिनयिन पद्धतीचं (Laozi), जुन्या वेड-जाइल्स पद्धतीचं (Lao Tzu) आणि ‘त्से’ने संपणारं (Lao Tse). मराठीत ‘लाओत्से’ रुळलेलं आहे. तेच शेवटपर्यंत ठेवा.

पुढच्या बिरुदांकडे तारखेसह बघा. चीनच्या थांग राजघराण्याचं आडनावही ली, म्हणून ते लाओत्सेला आपला पूर्वज मानत. त्या घराण्यातल्या सम्राट काओत्सुंगने इ.स. ६६६ मध्ये त्याला थेट सम्राटपद बहाल केलं. इ.स. ७४२ मध्ये च्वांगत्सेला ‘नानह्वाचा सत्पुरुष’ हे बिरुद मिळालं आणि त्याचा ग्रंथही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सूचीत ‘नानह्वा’ दिसलं तर नवा लेखक समजू नका. ‘थाय्शांग लाओच्युन’ हे मात्र लाओत्सेचं देवरूप. ते मंदिर आणि विधींच्या अभ्यासात येतं, तत्त्वज्ञानाच्या निबंधात नावाऐवजी वापरू नये.