विश्वासाबद्दल शंका यायला लागल्या तर काय करायचं

चर्चच्या तरुण संघात शिकवते तेव्हापासून बघायलेय, ज्या पोराला खरंच प्रश्न पडलेला असतो ते मीटिंगमधे तोंडच उघडत नाही, मग पुण्याला नाहीतर संभाजीनगरला शिकायला गेलं की चर्च हळूहळू सुटतं आणि घरून फोन आला की "आई रविवारी क्लास असतो". क्लास नसतो हे आईला पण माहीत असतं. ज्यांचं आत्ता असं व्हायलंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण.

आधी प्रश्न कागदावर लिहा. मोबाईलमधे नको, वहीत, आणि एका ओळीत. "माझा विश्वासच उडालाय" हा प्रश्न नाही, त्याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. लिहायला बसलात की दिसतं की आत तीन-चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा गुंता झालाय, म्हणजे कॉलेजातला एकजण म्हणाला बायबल मधेच कुणीतरी बदललं, आजी एवढी प्रार्थना करून गेली, मंडळीतले, म्हणजे आपल्याच चर्चमधले, दोन गट ट्रस्टच्या जमिनीवरून कोर्टात भांडायलेत, आणि जातीच्या दाखल्याचं वेगळंच. प्रत्येकाचा इलाज वेगळा. आपल्याकडं घोळ इथंच होतो, माहितीच्या प्रश्नाला "प्रार्थना कर" म्हणतात आणि दुःखाच्या प्रश्नाला पुस्तक देतात.

माहितीचा प्रश्न खरं तर सगळ्यात सोपा, बसून वाचायचं. बायबल बदललं का? १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमधे जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यात बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं अख्खं पुस्तक आहे, ख्रिस्ताच्या शंभरेक वर्षं आधी लिहिलेलं. त्याआधी हाताशी असलेल्या हिब्रू प्रती इसवी सन १००० च्या आसपासच्या होत्या, म्हणजे मधे हजारेक वर्षं. ताडून बघितलं तर स्पेलिंगचे, शब्दांचे फरक बरेच निघाले पण पुस्तक तेच निघालं. हे फरक लपवायचे नाहीत. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या आयुष्यावरच्या चार पुस्तकांत, पण आहेत, यरीहोजवळ मार्कच्या १०व्या अध्यायात एक आंधळा आहे, बार्तीमय, आणि मत्तयच्या २०व्यात दोन आहेत. दोन्ही पानं शेजारी उघडून स्वतः वाचा. "बायबलमधे कुठंच फरक नाही" असं जो ठणकावून सांगतो त्याला पुढचा प्रश्न विचारण्यात टाईम घालवू नका, आणि "फरक आहे म्हणजे सगळं खोटं" म्हणणाऱ्याचं पण तसंच. यूट्यूबचं म्हणाल तर एक प्रश्न घेतला की एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक व्हिडिओ, बस. रात्री दोन वाजता सातवा डिबेट बघून कुणाला काही कळलंय असं मला दिसलं नाही, डोळे तेवढे लाल होतात.

दुःखाचा प्रश्न वेगळा. आपल्या भागात तो लई जुना आहे, दुष्काळ झाला, किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत दगड-मातीची घरं अंगावर आली, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. असं काही झालं की कुणीतरी म्हणतंच की पापाची शिक्षा होती. हे ऐकून तुमचा देवावरचा विश्वास हलला असेल तर लूकच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढा. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, येशू विचारतो ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का, आणि स्वतःच म्हणतो की नाही. मग का मेली हे मात्र तो तिथं सांगत नाही, ते पण बघून ठेवा. सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकात पण शेवटी देव रागावतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही, तर उत्तरं देत बसलेल्या त्या तीन मित्रांवर, ४२वा अध्याय, ७वं वचन.

अशा दिवसांत स्वतःच्या शब्दांत प्रार्थना होत नसेल तर करू नका, स्तोत्रं वाचा. १३वं "कोठवर" असं विचारतच सुरू होतं. ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी हालेलूया नाही काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या उपासनेत ते कधी वाचलं जात नाही ही माझी जुनी तक्रार आहे, असो.

याच्यातच आजाराचा प्रश्न येतो. गृहप्रार्थनेत कुणीतरी सांगतं की विश्वास कमी पडला म्हणून बरं झालं नाही, आणि माणूस दुहेरी मार खातो. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे अंगाला लागलेल्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. त्रफिम नावाच्या सोबत्याला तो मिलेत गावात आजारी ठेवून पुढं गेला, हे २ तीमथ्य ४ मधे एका ओळीत सहज लिहिलंय. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का? आणि शुगरच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत, स्टेजवरून सांगितलं तरी नाही.

आता ज्याच्यावर आपल्याकडं दबक्या आवाजात बोलतात ते. कागदावर एक धर्म आणि घरात एक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळं कितीतरी घरांत पोरं लहानपणापासून दोन नावं सांभाळायलीत, आणि वर बाहेरचे टोमणे मारतात की तुमचे पणजोबा दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले. ह्याने पोराच्या मनात येतं की आपलं सगळंच खोटं आहे. इथं गाठ सोडवून घ्या. दर्जा मिळावा की नाही हा कायद्याचा प्रश्न, तो कोर्टात आणि मोर्च्यात मांडायचा. पणजोबांनी काय विचार करून बाप्तिस्मा घेतला हा इतिहासाचा, आणि भुकेल्या माणसाला दुसरं कारण असूच शकत नाही असं धरून चालणं मला तरी त्यांचा अपमान वाटतो. येशू कोण हा प्रश्न या दोन्हीहून वेगळा आहे, त्याचं उत्तर दाखल्यावर मिळत नाही.

विचारायचं कुणाला? उपासना सुटल्यावर दारात हात मिळवत उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना नको, त्यांना तिथून पुढच्या गावाला जायचं असतं. मधल्या वारी फोन करून जा आणि आधीच सांगा, "पाळकसाहेब, लगेच उत्तर नकोय, फक्त पूर्ण ऐकून घ्या". या एका वाक्याने समोरच्या माणसावरचं प्रेशर जातं. "हे सैतानाचं काम आहे" असं म्हणाले तर वाद घालू नका, चहा घ्या आणि दुसऱ्या कुणाकडं जा, एखाद्या वाचणाऱ्या आजोबांकडं, निवृत्त शिक्षिकेकडं, दुसऱ्या मंडळीच्या पाळकांकडं पण चालतं. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र चुकूनही टाकू नका, संध्याकाळपर्यंत मावशीच्या सासरी पोचतं.

आणि प्रश्न विचारला म्हणून तुम्ही बाहेरचे होत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव), चर्चच्या अधिकारावरून जोरात वाद घातला. इकडच्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं ते दुसरं चढवून घ्यायला नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. आतून पटायला त्यांना पुढं बरीच वर्षं लागली, आणि याच बाईंनी नंतर अख्खं बायबल मराठीत आणलं.

शंका चालू असताना चर्चला जायचं का? जमत असेल तर जा, मागं बसा. पण जे वाटत नाही त्याची सगळ्यांपुढं साक्ष द्यायला उभं राहू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी "आज नको" म्हणा. खोटी साक्ष दिली की नंतर स्वतःचीच किळस येते आणि ती शंकेपेक्षा वाईट. आईला सगळं आजच सांगायची गरज नाही, पण खोटं पण सांगू नका, "मला काही प्रश्न पडायलेत, मी वाचायलोय" एवढं पुरे. हां, झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं तर तो शंकेचा विषय राहिला नाही, डॉक्टरकडं जा, किंवा १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस म्हणून फुकट लाईन आहे.

घरच्यांनी एकच करा, पहिली दहा मिनिटं वचन सांगू नका. मार्क ९ मधला तो आजारी पोराचा बाप आठवा, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असं दोन्ही एका दमात म्हणाला, आणि येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत नाही पाठवलं, पोरगं बरं केलं.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर मार्कच घ्या, १६ अध्याय आहेत, दीड-दोन तासात एका बैठकीत होतो, शक्यतो दोघं मिळून मोठ्याने वाचा. शेवटी १६व्या अध्यायात सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत पुस्तक ८व्या वचनालाच थांबतं, बाया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथंच. मग ९ ते २० कुठून आलं? तो पण वहीत लिहून ठेवा.