कोकणातून मेंदूविकासाच्या संशोधनाकडे
रत्नागिरी किंवा मालवणला प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मेंदूच्या जडणघडणीवर संशोधन करायचे असेल, तर त्याने भ्रूण स्वतः पाहण्यापासून सुरुवात करावी. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सुमारे ३८ अंश सेल्सिअसला उबवलेले फलित गावठी अंडे दोन दिवसांनी जपून उघडले, की बलकावर धडधडणारे इवलेसे हृदय आणि भिंगाखाली पुढच्या टोकाला फुगत चाललेली चेतानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू बनतात ती नळी) दिसते; जे दिसेल त्याचे चित्र वेळेच्या नोंदीसह वहीत काढावे. इटालियन चेताशास्त्रज्ञ रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवरच काम केले होते, आणि १९८६ चे नोबेल त्यांना वृद्धी घटकांच्या (पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांच्या) शोधासाठी स्टॅनली कोहेन यांच्यासह मिळाले. पदवीनंतर ‘जॅम’ (आयआयटी वगैरे संस्थांतील एम.एस्सी.साठीची प्रवेश परीक्षा) किंवा टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा द्यावी. प्रयोगशाळा निवडताना मात्र संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.