सुगम्य पुस्तकांच्या स्वयंसेवकांसाठी नियमावली लिहिताना

छापील पुस्तकं स्कॅन करून, मजकूर तपासून दृष्टिहीन वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या एखाद्या गटात तुम्ही नव्याने आला असाल, तर आज ना उद्या एक काम तुमच्या गळ्यात पडणार: 'स्वयंसेवकांसाठी जरा नियम लिहून काढ ना.' काम सोपं वाटतं. बहुतेक जण मग एक लांबलचक दस्तऐवज तयार करतात, सगळ्यांना पाठवतात आणि तो कुणीही वाचत नाही. मी आलो तेव्हा माझ्याही हातात असाच एक दस्तऐवज पडला होता. 'मजकूर अचूक असावा', 'मांडणी नीटनेटकी ठेवावी' अशी वाक्यं त्यात पानोपानी होती. त्यांच्याशी कुणाचं भांडण नाही, पण पानाच्या तळाशी टीप आली की तिचं करायचं काय, हे त्यातून कळत नव्हतं.

नियम हवा असतो तो जिथे मन लावून काम करणारी दोन माणसं एकाच पानाचं दोन तऱ्हांनी काहीतरी करतात, तिथे. म्हणून नियम सुचवत बसू नका, शोधा. तळटीप, कोष्टक, चित्र, कवितेच्या चार ओळी असं सगळं थोडं थोडं असलेलं एखादं प्रकरण निवडा. ते दोन नवख्यांना द्या, सूचना काहीच देऊ नका. परत आलेल्या दोन्ही फायली शेजारी ठेवा. जिथे दोघांनी सारखंच केलंय तिथे नियमाची गरज नाही, त्यावर शाई वाया घालवू नका. जिथे वेगळं केलंय ती तुमची यादी. ती अपेक्षेपेक्षा छोटी निघते, आणि तुम्ही खुर्चीत बसून लिहिली असती त्यापेक्षा बरीच वेगळी.

यादीतल्या प्रत्येक मुद्द्याचा निर्णय कसा घ्यायचा? स्क्रीन बंद करून. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो. तो लावा आणि तपासून झालेलं एखादं पान फक्त ऐका. पानाच्या डोक्यावर छापलेलं प्रकरणाचं नाव काढायचं राहिलं असेल तर असं काहीतरी कानावर पडतं: 'राजा घोड्यावर बसला आणि वनवासाचे दिवस त्र्याहत्तर घाईघाईने गावाकडे निघाला.' डोळा असलं शीर्षक सहज ओलांडतो, कानाला ते जमत नाही. 'पानाच्या माथ्यावरचा मजकूर काढा' एवढाच नियम लिहिला तर लोक विसरतात. खाली हे वाक्य उदाहरण म्हणून दिलं की विसरत नाहीत.

पानाच्या आकड्याचं मात्र उलट आहे. नवखे उत्साहाने माथ्याबरोबर आकडाही पुसून टाकतात. वर्गात शिक्षक 'पान ४७ काढा' म्हणतात तेव्हा ईपब किंवा डेझी (डिजिटल पुस्तकांचे दोन प्रकार) फाईल वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्याच पानावर पोहोचायचं असतं. आकडा वाक्याच्या मध्ये नको, पण पानाची खूण म्हणून ठरलेल्या पद्धतीने हवाच. शीर्षकांचंही तसंच. अक्षरं नुसती ठळक आणि मोठी केली तर बघणाऱ्याला ते शीर्षक वाटतं, स्क्रीन रीडरला नाही. शीर्षकाची शैली लावली असेल तरच एनव्हीडीएमध्ये ब्राउझरसारख्या ठिकाणी एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारता येते. ती नसेल तर शेवटच्या प्रकरणापर्यंत जायला अख्खं पुस्तक पालथं घालावं लागतं.

देवनागरीसाठी वेगळं प्रकरण लिहा, आणि ते दुसऱ्या भाषेच्या नियमावलीतून उचलू नका. ओसीआर, म्हणजे स्कॅनच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं साधन, ख चा रव करतं, घ चा ध आणि ध चा घ, भ चा म, थ चा य. 'रवाणे' असं काही आलं तर शुद्धलेखन तपासणारं साधन ओरडतं. पण 'इतिहासाचा धडा' चा 'इतिहासाचा घडा' झाला, तर दोन्ही शब्द कोशात आहेत आणि साधन गप्प बसतं. अशा जोड्यांचा एक तक्ता करा आणि नवखा पहिल्या दिवशी जे पान उघडणार त्यावरच तो ठेवा. माझ्या मते बाकी सगळ्या नियमावलीपेक्षा हा तक्ता जास्त वापरला जातो.

विसर्गाच्या जागी कोलन हा आणखी एक छुपा रोग. पडद्यावर 'दुःख' आणि 'दु:ख' यांत फरक दिसत नाही. पण दुसऱ्यात संगणकासाठी शब्द मधेच संपलेला असतो. अवग्रहाच्या (ऽ) जागी इंग्रजी एस, शून्याच्या जागी इंग्रजी ओ, हे त्याचेच भाऊबंद. मग 'ऱ्य'. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, यावर जेवणाची वेळ अवलंबून असते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण 'आचाऱ्यांना' हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसतात सारखेच, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. आम्ही ऱ ठरवला. तुम्ही दुसरा ठरवलात तरी चालेल, एकच ठरवा म्हणजे झालं.

तपासणी ऐकून करायची की पाहून, यावर गटागटांत वाद होतात. दोन्ही हवं. एखादी ओळ गळली असेल तर ऐकताना वाक्य अडखळतं आणि लगेच कळतं. पाहताना मात्र मन ती जागा स्वतःच भरून काढतं. ह्रस्व-दीर्घाची चूक नेमकी याच्या उलट, ऐकताना बहुधा निसटते. ती चालवून घेऊ नका, कारण हीच फाईल पुढे ब्रेलमध्ये जाऊ शकते. तिथे ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीला वेगवेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे ती चूक थेट बोटाखाली येते.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारा विषय: काय दुरुस्त करायचं नाही. मराठी चांगलं असणारा स्वयंसेवक इथे धोकादायक ठरतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'येथें' असे अनुस्वार ठायी ठायी असतात. चांगला शुद्धलेखनवाला ते एका झटक्यात साफ करतो, आणि जुन्या मराठीचा अभ्यास करणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती नव्या वळणाचं पुस्तक पडतं. जे छापलंय ते ठेवायचं. उलटा बसलेला अक्षराचा खिळा किंवा दोनदा आलेला शब्द अशी उघड छपाईची चूक सुधारायला हरकत नाही, पण नोंदवहीत लिहून. शिव्या, प्रणयप्रसंग, लेखकाची न पटणारी मतं यांनाही हाच नियम. कुणीतरी चांगल्या हेतूने चार ओळी गाळतंच. डोळस वाचकाला ज्या ओळी मिळतात त्या सगळ्या मिळाल्या पाहिजेत, हे नियमावलीत शब्दशः लिहून ठेवा, नाहीतर तो वाद दर पुस्तकाला नव्याने घालावा लागेल.

चित्रांबद्दल थोडक्यात. आधी प्रकार सांगायचा (नकाशा, आलेख, छायाचित्र), मग मजकुराला लागणारी गोष्ट. चित्राखालच्या ओळीत आधीच आलेलं परत नको. 'सुंदर', 'भावपूर्ण' असं स्वतःचं मत नको. नक्षीदार वेलबुट्टीचं वर्णन अजिबात नको, ती सजावट म्हणून खूण करून सोडायची. कोष्टकाचं चित्र चिकटवायचं नाही, खरं कोष्टक करायचं. तळटिपा कादंबरीत प्रकरणाच्या शेवटी आणि पाठ्यपुस्तकात परिच्छेदाच्या शेवटी, असं मला सोयीचं वाटतं. तुमच्या वाचकांना विचारून ठरवा.

स्कॅनिंगचे नियम तर एका परिच्छेदात संपतात. ३०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके), बारीक टाईप असेल तर ४००. शिवणीजवळची सावली जाईल इतकं पान सपाट. आधी पानं मोजून घ्या, कारण फाटलेलं पान तपासणीच्या तिसऱ्या टप्प्यावर कळलं तर चिडचिडीशिवाय हाती काही लागत नाही. मुखपृष्ठ, श्रेयनामावलीचं पान आणि मलपृष्ठ, सगळं घ्यायचं.

अक्षर लागत नसेल तर काय, याचं उत्तर एका शब्दात द्या. अंदाज करायचा नाही, तिथे ठरलेली खूण टाकायची. आम्ही चौकोनी कंसात 'तपासा' लिहितो. शेवटच्या फेरीत तो शब्द शोधायचा आणि एकही उरला नाही की फाईल पुढे. नवख्यांना या खुणेची लाज वाटते, आपल्याला येत नाही असं दिसेल म्हणून. पहिल्याच बोलण्यात सांगा की ज्या फाईलमध्ये एकही खूण नाही तिच्याकडेच आपण संशयाने बघतो.

कायद्याचा भागही लिहावाच लागतो, कंटाळवाणा असला तरी. २०१३ साली झालेला माराकेश करार आणि त्याला धरून केलेले देशोदेशींचे कायदे प्रताधिकारातून सूट देतात ती छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी. त्यात दृष्टिहीन येतात, डिस्लेक्सिया असणारे येतात, पुस्तक हातात धरता न येणारेही येतात. स्वयंसेवकाची मावशी येत नाही. काम संपलं की आपल्याकडची प्रत पुसायची आणि फाईल कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही, हे पहिल्या पानावर हवं.

मसुदा तयार झाला की स्क्रीन रीडरवर रोज वाचणाऱ्या दोघा-तिघांना दाखवा. त्यांना नुसती संमती मागू नका, नियम खोडायचा अधिकार द्या. आमच्या मसुद्यातली अवतरणचिन्हांवरची सगळी सूक्ष्म कलमं अशीच उडाली, कारण त्यांच्यापैकी कुणीच चिन्हं मोठ्याने वाचणारी सोय चालू ठेवत नव्हतं. उलट कवितेची ओळ जिथे तुटते तिथेच तुटली पाहिजे, हे त्यांनी आग्रहाने घालायला लावलं.

नियम बदलत राहतात. प्रत्येक आवृत्तीवर तारीख घाला, काय बदललं ते वर दोन ओळींत लिहा. मात्र हातातलं पुस्तक ज्या आवृत्तीवर सुरू झालं त्याच आवृत्तीवर संपवा. पुस्तकाच्या मध्यावर तळटिपांची जागा बदललेली वाचकाला लगेच जाणवते, आणि ती तक्रार स्वयंसेवकाकडे नाही, तुमच्याकडे येते.