लॉगिन माझं, नाव भलत्याचंच

"मी लॉगिन केलं, पण वर कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव दिसतंय." सपोर्टकडून अशी तक्रार आली की नवखा डेव्हलपर आधी लॉगिनचा कोड उघडतो. माझ्या अनुभवात घोळ तिथे क्वचितच निघाला. पासवर्ड तपासेपर्यंत सगळं सुरळीत असतं, गडबड त्यापुढे होते.

सुरुवातीला एवढंच ठरवा: त्या माणसाला दुसऱ्याचं नुसतं पान मिळालं, की दुसऱ्याचं सेशनच (लॉगिननंतर सर्व्हर ज्यावरून माणूस ओळखतो ती नोंद) मिळालं? 'मी कोण' एवढंच सांगणारी, कधीही कॅश न होणारी (म्हणजे जिचं उत्तर पुन्हा वापरायला साठवलं जात नाही अशी) एक एपीआय, म्हणजे प्रोग्रामने विचारायचा पत्ता, ठेवा आणि त्याच ब्राउझरमधून ती मारून बघा. नाव बरोबर आलं तर बहुधा पान कॅशमधून आलंय. तिथेही भलतंच नाव आलं, तर मामला गंभीर.

कॅशचा संशय असेल तर रिस्पॉन्सचे हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या सूचना, बघा. 'एज' (उत्तर कॅशमध्ये किती सेकंद पडून आहे ते) शून्यापेक्षा मोठा दिसला, तर ते पान आधी दुसऱ्या कुणासाठी तयार झालेलं असू शकतं. 25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या गेमविक्रीच्या साइटवर लोकांना इतरांची खात्याची पानं दिसली, ती कॅशच्या चुकीच्या सेटिंगमुळेच. त्याहून वाईट म्हणजे 'सेट-कुकी' या (ब्राउझरला सेशनची खूण देणाऱ्या) हेडरसकट रिस्पॉन्स कॅश होणं; मग पानाबरोबर सेशनही वाटलं जातं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असा रिस्पॉन्स आपणहून साठवत नाही, पण साइट हळू चालते म्हणून कुणीतरी तो हेडर दुर्लक्षित करायची ओळ टाकून ठेवलेली असते. कॉन्फिगची जुनी कमिट चाळा, सापडेल. आणि कॅशच्या हेडरमधल्या 'नो-कॅश'वर भरवसा ठेवू नका: त्याचा अर्थ 'साठवा, पण देण्याआधी विचारा' असा होतो. साठवायचंच नसेल तर 'नो-स्टोअर' लिहायचं.

कॅश निर्दोष ठरला की सर्व्हरकडे वळा. जावा सर्व्हलेटचा (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या क्लासचा) ऑब्जेक्ट सहसा एकच असतो आणि थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, अनेक. क्लासच्या पातळीवर 'चालू युजर' नावाचं फील्ड आहे समजा. पहिल्या रिक्वेस्टने त्यात अ ठेवला आणि ती डेटाबेसची वाट बघत थांबली. तेवढ्यात दुसरीने त्यात ब ठेवला. पहिली परत आली आणि अ ला ब ची माहिती देऊन मोकळी झाली. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये मॉड्यूलच्या वर ठेवलेलं व्हेरिएबल हेच करतं. थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडची वेगळी जागा) वापरलं म्हणून सुटलात असंही नाही. काम संपलं की थ्रेड पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, परत जातो, आणि आतली किंमत साफ केली नसेल तर पुढच्या रिक्वेस्टला ती आयती मिळते. कनेक्शन पूलचंही तेच. 20 मार्च 2023 ला चॅटजीपीटीवर काहींना इतरांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. मधेच रद्द झालेल्या रिक्वेस्टचं उत्तर रेडिस या डेटा साठवणाऱ्या सर्व्हरच्या कनेक्शनमध्ये तसंच पडून राहिलं आणि नंतरच्या रिक्वेस्टला गेलं.

हे सगळं तुमच्या मशीनवर दिसत नाही, कारण तिथे तुम्ही एकटेच असता. दोन टॅबमध्ये दोन युजर ही चाचणी तर बादच. कुकी एकच असते. दोन इनकॉग्निटो खिडक्यांचीही बहुधा तीच गत. दोन वेगळी प्रोफाइल घ्या, किंवा सरळ स्क्रिप्ट लिहा: दोन युजरच्या रिक्वेस्ट एकाच वेळी सोडायच्या, संशयित जागी मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विलंब घालायचा आणि प्रत्येक उत्तरातला युजर आयडी ताडून बघायचा. माझ्या मते तासन्‌तास कोड वाचण्यापेक्षा हे बरं.

लॉगच्या प्रत्येक ओळीत रिक्वेस्ट आयडी, युजर आयडी, थ्रेडचं नाव आणि सेशन आयडीचा हॅश (ज्यावरून मूळ आयडी काढता येत नाही असा ठसा) हवा. अख्खा सेशन आयडी नको, नाहीतर लॉग वाचणाराही कुणाच्या खात्यात शिरू शकेल. एकाच हॅशसमोर दोन युजर आयडी दिसले तर ते सेशन दोघांच्या हातात पडलंय.

अशी खात्री झाली की 'डिस्प्लेचा बग' म्हणून तिकीट टाकून घरी जाऊ नका. ही माहितीची गळती आहे, वरिष्ठांना लगेच सांगा. लॉग जपून ठेवा आणि सगळी सेशन रद्द करा. मार्च 2021 मध्ये अगदी थोडी सेशन चुकीच्या ब्राउझरकडे गेल्याचं लक्षात आल्यावर कोड ठेवायच्या गिटहब साइटने सरसकट सगळ्यांना लॉगआउट केलं होतं.